हिमालयातल्या नद्यांच्या काठी बांधायचं तरी कुठे?

बियासकाठी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

५ ऑगस्ट २०२५ ला उत्तराखंडातलं धराली गाव दगड-चिखलाच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या प्रत्येक गटात एकच वाक्य फिरतंय: निसर्ग कोपला. मला हे पटत नाही. पाऊस किती पडावा हे आपल्या हातात नाही, मान्य. पण तो पाऊस दगडमाती घेऊन जिथे उतरतो, तिथे काय उभं करायचं हे माणूसच ठरवतो.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीमुळे सध्या हिमाचलमध्ये, कुल्लू खोऱ्यात असते. पाणी आणि रस्ते या दोन्ही कामांशी रोजचा संबंध. जुलै २०२३ मध्ये, ९ आणि १० तारखेला बियास चढली तेव्हा इथेच होते. अशा पुरात पाण्यापेक्षा दगडांची भीती वाटते. नदीच्या तळातून धोंडे गडगडत जातात तेव्हा तो आवाज कानांआधी तळपायांना कळतो. मांडणीवरची ताटं रात्रभर किणकिणत होती. उजाडल्यावर पाहिलं तर नदीने कूस बदललेली आणि रस्त्याचा अर्धा भाग गायब. नवा चौपदरी रस्ता कितीतरी ठिकाणी तुटला. मनालीत आलू ग्राउंड आणि व्होल्वो स्टँडमध्ये पाणी शिरलं. या सगळ्या जागा नदीनेच पूर्वी कधीतरी आणून टाकलेल्या गोट्यांवर वसलेल्या आहेत. १९९५ च्या सप्टेंबरमध्येही इथे मोठा पूर येऊन गेला होता, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना यात नवीन काही नव्हतं.

आता इथल्या एका बागायतदार कुटुंबाला नदीलगतच्या सपाट तुकड्यावर होमस्टे काढायचा आहे. थंडी कमी झाली, सफरचंदाचा भरवसा उरला नाही, मुलगा शिकून घरी बसलाय. मला विचारतात, बांधू का? "नको" म्हणणं सोपं आहे. पण मग त्यांनी करायचं काय?

म्हणून विचारते. वस्ती वाढत चाललेल्या डोंगरी खोऱ्यांत पुराचा धोका सांभाळायचा कसा? गढवाल, सिक्कीम, नेपाळ, कोकण, कुठलाही अनुभव असेल तर लिहा.

पावसाळी

वाचतेय. वाचनखूण साठवली.

वाशिष्ठी

आम्ही चिपळूणकर. २२ जुलै २०२१ नंतर पूर म्हटलं की अंगावर काटा येतो. त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आमची बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होती, दुकानातला माल, कागदपत्रं, फ्रीज, सगळा चिखल.

आपल्याकडे निदान पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्याच्या आत बांधायचं नाही, दोन्हींच्या मधे अटी घालून बांधायचं. आखणीवरून गावात प्रचंड भांडणं झाली, कारण अर्धं चिपळूणच रेषेत येतं. पण भांडायला तरी रेषा आहे. तुमच्याकडे अशा रेषा नाहीत का?

बियासकाठी

@वाशिष्ठी ताई, प्रश्न नेमका विचारलात. काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी नुसतं "नदीपासून इतके मीटर". पण अडचण त्याच्याही पुढे आहे.

पूररेषा काढताना आपण धरून चालतो की पात्र आहे तसंच राहणार आणि पाणी वर चढणार. कोकणात, देशावर हे बऱ्यापैकी चालतं. इथे एका रात्रीत तळ काही मीटर भरून येतो. तळ वर आला की तेवढंच पाणी आधीपेक्षा वरच्या घरात शिरतं. दुसरं म्हणजे नदी बाजूला सरकते आणि काठ खालून पोखरते. घर पाण्याच्या पातळीच्या कितीतरी वर असतं, तरी जमिनीसकट खाली येतं. आणि तिसरं, सगळ्यात घातक: बाजूचे नाले. मुख्य नदी शांत असताना एखादा नाला दगड-चिखलाचा लोंढा घेऊन येतो. धरालीत तेच झालं. भागीरथीने गाव नेलं नाही, तिला मिळणाऱ्या खीरगाड नाल्याने नेलं.

म्हणून इथे पातळीची एक रेषा पुरत नाही. काठ किती सरकू शकतो त्याचा पट्टा हवा आणि प्रत्येक नाल्याच्या तोंडाचा वेगळा नकाशा हवा.

गढवालची_सून

माझं सासर उत्तरकाशी जिल्ह्यात, त्यामुळे धरालीबद्दल लिहिताना हात थरथरतो.

बियासकाठी म्हणतात ते शंभर टक्के खरं. खीरगाड डोंगरातून अरुंद घळीतून येते आणि भागीरथीला मिळायच्या आधी एकदम मोकळी होते. तिथे तिने हजारो वर्षं दगडमाती टाकून पंख्यासारखा उतार तयार केलाय. चाळणीतून पीठ सांडल्यावर जसा ढीग पसरतो, अगदी तसा. तो उतार डोळ्याला सुंदर, सपाट, ऊन भरपूर, गंगोत्रीचा रस्ता शेजारून जातो. हॉटेलं तिथेच झाली. दुपारी लोंढा आला तेव्हा समोरच्या गावातले लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. पळायला मिनिटभरही मिळालं नाही.

तिथलं कल्पकेदारचं देऊळ पूर्वी कधीतरी असंच गाडलं गेलं होतं, पुढे लोकांनी खणून वर काढलं. या वेळी पुन्हा गाडलं गेलं. ती जागा काय आहे याचा पुरावा गावाच्या मधोमध उभा होता.

सासरे सांगतात, जुनी वस्ती वर, धारेवर किंवा पक्क्या खडकाच्या अंगाला असायची आणि खाली शेती. गुरं चारायला, भात लावायला खाली उतरायचं आणि रात्री वर झोपायचं. रस्ता खालून गेला आणि मागोमाग माणसंही खाली आली.

चला_भटकू

मी ठाण्याहून सहली नेतो. चारधाम, मनाली, गंगटोक. थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका.

"खाली बांधू नका" हे आपल्याला बोलायला काय जातं? वर जमीन कुठे आहे? वरचे उतार घसरतात, तिथे जेसीबी लावला की तुम्हीच म्हणणार डोंगर फोडला. रस्ता नदीला धरून, म्हणून दुकान नदीला धरून, शाळा आणि दवाखानाही तिथेच. मी ज्या हॉटेलवाल्यांबरोबर काम करतो ते बहुतेक त्याच गावचे, कर्ज काढून दहा-बारा खोल्या उभ्या केलेले. त्यांना आपण लोभी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शहरात आपण खाडी बुजवून राहतो आणि त्यांना मात्र नियम शिकवतो.

आणि नदीकाठची खोली मागतं कोण? फोनवर पहिला प्रश्न असतो, "रिव्हर व्ह्यू आहे का?"

टपरीवरचा_चहा

आमच्या घरात सौ. रिव्हर व्ह्यू विचारतात, मुलं वायफाय विचारतात आणि मी गरम पाण्याची वेळ विचारतो. "हॉटेल कुठल्या जागेवर उभं आहे" हे आजवर कुणीच विचारलेलं नाही :)

गढवालची_सून

@चला_भटकू, लोभी कुणीच म्हणत नाहीये हो दादा. भागीरथीच्या खोऱ्यात डिसेंबर २०१२ मध्ये गोमुखपासून उत्तरकाशीपर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. आमच्याकडचे लोकही तेव्हा विरोधात होते, कारण कागदावर फक्त "हे नको, ते नको" होतं आणि त्याबदल्यात काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. सहा महिन्यांत जून २०१३ चा पूर आला. तरी विरोध मावळला नाही, कारण पोटाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दप्तरखाना

इतिहासातलं एक उदाहरण सांगतो. मला ते फार मोलाचं वाटतं.

सप्टेंबर १८९३ मध्ये गढवालमध्ये गोहना गावाजवळ एक अख्खा डोंगर बिरही गंगेत कोसळला. नदी अडली आणि मागे मोठा तलाव भरू लागला. दरडीचा बांध जवळपास नऊशे फूट उंच. पुलफोर्ड नावाच्या अधीक्षक अभियंत्याने पाहणी करून सांगितलं की बांध मधेच फुटणार नाही, पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास पाणी वरून वाहू लागेल आणि तेव्हा तो जाईल.

मग काय केलं? तलावापासून थेट हरिद्वारपर्यंत तारेची लाईन टाकली. क्रुकशँक नावाचा एक तरुण अधिकारी तलावाशीच बसवला. डोंगरउतारांवर खांब उभारून लोकांना दाखवलं की या उंचीच्या वर जायचं. झुलते पूल आधीच उतरवून ठेवले. यात्रेकरूंचा मार्ग वळवला.

२५ ऑगस्ट १८९४ ला पाणी बांधावरून वाहू लागलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध गेला. अलकनंदेकाठचं श्रीनगर शहर धुऊन निघालं, ते पुढे नव्या जागी वसवावं लागलं. शेकडो किलोमीटरच्या खोऱ्यात माणसं दगावली पाच: एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांना तिथून हलवलं होतं, ते परत गेले.

उपग्रह नाही, रडार नाही, रस्ताही धड नाही. तरी हे जमलं.

अनुस्वार

अंगावर शहारा आला वाचून. दप्तरखाना काका, यावर वेगळा लेख होऊ द्या.

आणि मग साहजिक प्रश्न पडतो: १८९४ ला तारेवर जमलं ते फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत का नाही जमलं?

तिस्ताखोरे

@अनुस्वार, कारण चमोलीत तलाव नव्हता आणि पाऊसही नव्हता. ७ फेब्रुवारी २०२१, रविवार सकाळ, निरभ्र आकाश. रोंटी शिखराच्या अंगावरून खडक आणि बर्फाचा सुमारे २.७ कोटी घनमीटरचा तुकडा सुटला. खाली येईपर्यंत घर्षणाने बर्फाचं पाणी झालं आणि ऋषिगंगा-धौलीगंगेत चिखलाची भिंत उतरली. रैणी गाव, जिथे १९७४ मध्ये चिपको आंदोलनात गौरा देवींनी झाडं वाचवली, त्याच्या पायथ्याचा १३.२ मेगावॅटचा प्रकल्प नाहीसा झाला. पुढे तपोवनच्या वीजप्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले. दोनशेहून जास्त माणसं गेली. भूकंपमापकांवर त्या कड्याच्या कोसळण्याची नोंद झाली होती, पण तिथून धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा नव्हती. वरच्या टोकाला मिळणारी काही मिनिटं खालच्या कामगाराच्या कानापर्यंत पोचवणं, एवढंच काम होतं.

मी लष्करात अभियंता होतो, सिक्कीममध्ये बराच काळ काढला. साऊथ ल्होनाक तलावाची गोष्ट वेगळी. तो समुद्रसपाटीपासून ५२०० मीटरवर, हिमनदीच्या तोंडाशी. धोकादायक आहे हे वर्षानुवर्षं माहीत होतं. २०१६ मध्ये पाईप टाकून पाणी थोडं उपसलंही होतं. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री कडेचा गोठलेला दगडमातीचा उतार तलावात कोसळला, लाट उठली, तोंड फुटलं. मध्यरात्रीच्या सुमारास चुंगथांगचं ६० मीटर उंच धरण, १२०० मेगावॅटचा प्रकल्प, वाहून गेलं. दरवाजे उघडायला वेळ मिळाला नाही. बारदांगला आमचे जवान गाड्यांसकट गेले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

आता तिथे काय आहे सांगतो. तिस्तेचा तळ गाळाने इतका वर आलाय की साध्या पावसातही तिस्ता बाजारात पाणी शिरतं, दहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग सारखा बंद असतो. पूर एका रात्रीत ओसरला, गाळ खोऱ्यातच बसून आहे.

खडी_डांबर

रस्त्याच्या कामातला माणूस आहे, म्हणून राडारोड्याबद्दल बोलतो. इथे याला मलबा म्हणतात.

डोंगरात रस्ता रुंद करताना जेवढा रस्ता मिळतो त्याच्या कितीतरी पट माल निघतो. तो कुठे टाकायचा याच्या जागा ठरलेल्या असतात, डम्पिंग यार्ड. कागदावर असतात. पण यार्ड सात किलोमीटरवर आणि दरी सात फुटांवर. डंपरचं डिझेल, ड्रायव्हरची पाळी, साहेबांची तारीख, सगळं त्या सात किलोमीटरवर अडतं. रात्री माल दरीत जातो. पावसाळ्यात तोच माल नदी उचलते, खालच्या पुलाला आदळवते, वळणावर टाकते आणि तळ वर आणते. गॅबियनच्या (दगड भरलेल्या) जाळ्या, काँक्रीटच्या भिंती, कशाचाही त्या माऱ्यापुढे निभाव लागत नाही.

जून २०१३ मध्ये अलकनंदेवरच्या श्रीनगरमध्ये (तेच, दप्तरखाना काकांचं, नव्याने वसवलेलं) जलविद्युत प्रकल्पाचा मलबा घराघरांत शिरला. प्रकरण हरित लवादापुढे गेलं आणि २०१६ मध्ये रहिवाशांना ९ कोटींहून जास्त भरपाई द्यायचा आदेश झाला. असा आदेश विरळाच. एरवी नुकसानभरपाई सरकारच्या तिजोरीतून जाते आणि दरीत माल टाकणारा पुढच्या टेंडरला उभा असतो.

माझं म्हणणं साधं आहे. मलबा वाहतुकीचे पैसे कामाच्या दरात धरू नका, वेगळे द्या. यार्डात माल मोजून घ्या, तेवढंच बिल काढा. मोजल्याशिवाय हे थांबणार नाही.

सरळरेषा

सगळं खापर रस्त्यांवर फोडू नका. हर्षिल, चीन सीमा, तिथे रस्ता लागतो. बाळंतीण खुर्चीवर उचलून न्यावी लागत होती ते दिवस कुणाला परत नकोत. २०२३ च्या जुलैमध्ये मोसमी वारे आणि पश्चिमेकडून आलेली हवेची प्रणाली एकत्र आली. २०१३ मध्येही हेच झालं होतं. असा पाऊस पडल्यावर रस्ता असो वा नसो, पूर येणारच.

खडी_डांबर

@सरळरेषा, रस्ता नकोच असं मी कुठे म्हटलं? माझी रोजीरोटीच ती. रुंदी किती, डोंगर किती उभा कापला, नदीच्या बाजूला भराव घातला की डोंगराच्या बाजूने नेला, जिथे दरी चिंचोळी तिथे बोगदा घेतला का, हा वाद आहे. भराव घालून नदीचं पात्र निम्मं केलं तर तिचा वेग वाढणार आणि ती समोरचा काठ खाणार. समोरच्या काठावर गाव असतं.

बियासकाठी

@खडी_डांबर +१. यार्डात माल मोजण्याचा मुद्दा मी आमच्या बैठकीत मांडणार आहे.

@सरळरेषा, पावसाबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर. म्हणून तर जागेची काळजी जास्त घ्यायला हवी. पाऊस वाढणार हे ठाऊक असताना नदीची जागा कमी करत जाणं, याचं समर्थन कसं करायचं?

पावसाळी

धरणं पूर अडवत नाहीत का? २०१३ मध्ये टिहरीने पाणी रोखलं असं वाचलं होतं.

तिस्ताखोरे

टिहरी मोठं साठवणीचं धरण, जूनमध्ये जलाशय खाली होता, त्यामुळे भागीरथीचं पाणी मावलं. पण हिमालयातले बहुतेक वीजप्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, त्यांचा साठा अगदी थोडा. त्यांच्या हातात पूर अडवणं नसतं, दरवाजे कधी उघडायचे एवढंच असतं. आणि तेही सांभाळून करावं लागतं. ८ जून २०१४ ला लारजीच्या धरणातून पाणी सोडलं तेव्हा खाली थलौटजवळ हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बियासच्या दगडांवर उभे होते. २४ मुलं गेली. पूर नव्हता, पाऊस नव्हता.

हिमाचलचंच चांगलं उदाहरणही देतो. सतलजला २००० साली, ३१ जुलैच्या रात्री, तिबेटकडून अचानक लोंढा आला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. २००४ मध्ये तिबेटात पारेछू नदीवर दरड पडून तलाव झाला. या वेळी उपग्रहातून पाळत ठेवली, काठची गावं रिकामी केली, आणि २६ जून २००५ ला तो फुटला तेव्हा पूल-रस्ते गेले पण माणसं वाचली. इशारा वेळेत मिळाला की काय होतं ते हे.

चला_भटकू

लारजीचं वाचून आठवलं. आमच्या बसमधली माणसं आजही "पाच मिनिटं फोटो काढू" म्हणून पात्रात उतरतात. भोंगा वाजला तरी हॉर्न समजून दुर्लक्ष करतात. आता मी गाडीतच सांगतो: भोंगा वाजला की सामान सोडा, वर चढा, नदीच्या दिशेने पळू नका. कसोलकडचे नदीतले तंबूही बंद केलेत. गिऱ्हाईक तुटतं थोडं, तुटू दे.

वाशिष्ठी

अवांतर होईल, पण विचारते. आमच्याकडे पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढला आणि लोकांना फरक जाणवला. तिकडे तळ वर आलाय म्हणता, तर गाळ का काढत नाहीत?

बियासकाठी

अवांतर अजिबात नाही. काही ठिकाणी काढावाच लागतो, पुलांजवळ, गावाजवळ. पण वाशिष्ठी छोटी आणि हिमालय सतत झिजणारा. इथे एका पावसाळ्यात काढलं तेवढं परत येतं. शिवाय गाळ उपसायच्या नावाखाली वाळूवाले घुसतात, पुलाच्या पायांपासून खणतात आणि पुढच्या पुरात पूलच बसतो. कुठून किती काढायचं हे खोऱ्याचा हिशेब मांडून ठरायला हवं.

काठमांडूकर

नेपाळात काम केलंय म्हणून थोडक्यात. त्सो रोल्पा तलावाची पातळी २००० साली तोंड कापून ३ मीटर उतरवली. एव्हरेस्टजवळच्या इम्जा तलावाची २०१६ मध्ये अशीच साडेतीन मीटरच्या आसपास उतरवली. खर्च अफाट, सामान हेलिकॉप्टरने, माणसं विरळ हवेत. प्रत्येक तलावाला हे जमणार नाही. जिथे खाली मोठी वस्ती आहे तिथेच. आणि नुसता आपल्या बाजूचा तलाव पाहून भागत नाही: ८ जुलै २०२५ ला भोटेकोशीवरचा, नेपाळ-चीन सीमेवरचा रसुवागढीचा पूल गेला, पाणी तिबेटातल्या हिमनदीवरच्या तळ्यातून आलं होतं.

आल्प्सकर

झुरिकहून लिहितोय. इथे गावागावाचा धोक्याचा नकाशा असतो. लाल पट्ट्यात नवं घर बांधायचं नाही, निळ्यात अटींवर, पिवळ्यात सावधगिरी. (आपल्याकडच्या निळ्या-लाल रेषांशी घोळ करू नका, इथे लाल सगळ्यात कडक.) महत्त्वाचं म्हणजे नकाशात पूर, दरड, दगड पडणं, हिमस्खलन, सगळं एकत्र पाहतात. तुम्ही वर नाल्यांच्या तोंडाचं लिहिलंत, ते यात वेगळं दिसतं. रोन नदीला तर काठ मागे सरकवून जागा परत देण्याचं काम काढलंय.

तरी २८ मे २०२५ ला ब्लाटेन गावावर हिमनदी कोसळली आणि जवळजवळ अख्खं गाव गाडलं. पण डोंगर सरकतोय हे मोजमापातून कळलं होतं, म्हणून साधारण तीनशे रहिवासी नऊ-दहा दिवस आधीच बाहेर काढले, गुरांसकट. एक जण दगावला.

सरळरेषा

स्वित्झर्लंडकडे पैसा आहे हो. तीनशे माणसांना हलवणं वेगळं आणि यात्रेच्या दिवसांतला केदारनाथचा रस्ता रिकामा करणं वेगळं.

दप्तरखाना

@सरळरेषा, १८९४ च्या गढवालकडे कुठे पैसा होता? एक तारेची लाईन आणि बांधाशी बसवलेला एक जबाबदार माणूस होता. यात्रेचं म्हणाल, तर यात्रेकरूंची नोंदणी आता होते. कुठल्या टप्प्यावर किती माणसं आहेत हे प्रशासनाला माहीत असतं. पाऊस ठरावीक आकड्याच्या वर गेला की वरचे टप्पे थांबवायचे, हा निर्णय घेण्याचा अधिकार तहसील पातळीवर द्या. २०१३ मध्ये केदारनाथच्या वरच्या चोराबारी तलावाजवळच पर्जन्यमापक होता. १५ ते १६ जूनच्या २४ तासांत त्यावर ३२५ मिलिमीटरची नोंद झाली. तलाव फुटला १७ ला सकाळी. तो वाढता आकडा वेळेत खाली कुणाच्या हातात पडला असता तर केदारनाथच्या वाटेवरच्या रामबाड्यातली किती माणसं वर डोंगरात चढली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गढवालची_सून

रामबाडा... सासऱ्यांचे दोन चुलत भाऊ तिथे दुकान लावायचे. आज तिथे काहीच नाही.

अनुस्वार

_/\_

चला_भटकू

बियासकाठी ताई, मूळ प्रश्न राहिला. त्या कुटुंबाने काय करायचं? माझं अजून तेच म्हणणं आहे: पर्याय दिल्याशिवाय नियम टिकत नाही.

बियासकाठी

तुमच्या या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. हिमाचलची जवळजवळ दोन तृतीयांश जमीन कागदोपत्री वनजमीन आहे. २०२३ मध्ये ज्यांचं घर आणि जमीन दोन्ही गेलं त्यांना दुसरीकडे दोन बिस्वे (जमिनीचा छोटा तुकडा) द्यायचे म्हटले तरी केंद्राची परवानगी लागते. माणूस किती वाट बघणार? परत त्याच काठावर पत्रे ठोकतो. म्हणून माझ्या मते भोंगे आणि भिंती यांच्याही आधी हे व्हायला हवं: धोक्याच्या पट्ट्यातल्या कुटुंबांसाठी सुरक्षित जमीन आधी राखून ठेवायची, पूर यायच्या आधी. पुरानंतर वाटायला बसलं की निवडणूक आणि ओळखी पाहून वाटप होतं.

त्या कुटुंबाबरोबर मी जाऊन जागा पाहिली. शेजारचा नाला वर कुठवर जातो ते चढून पाहिलं. मधे एके ठिकाणी ताजी दरड आहे, तिथे अडलेलं पाणी झाडांच्या खोडांमागे साचलंय. प्लॉटवर हातभर खणलं की गोल गोटे आणि मधे वाळू, म्हणजे नदीचंच पात्र. काठची झाडं सगळी कोवळी अल्डरची, एकही जुना देवदार नाही. तिथे जुनं झाड टिकलेलंच नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई तिथे फक्त भात लावायच्या. मी सांगितलं, राहायची एकही खोली इथे नको. वरच्या जुन्या लाकडी घराला दोन खोल्या जोडा. खाली भाजी लावा, मटार लावा.

मुलगा नाराज आहे. वर गाडी जात नाही, शेवटचा चढ पायी. पाहुणे येतील का, ही त्याची शंका रास्त आहे. म्हणतो, मग निदान पार्किंग खाली करू.

खडी_डांबर

पार्किंगही नको. २०२३ चे व्हिडिओ त्याला दाखवा. बियासमध्ये गाड्या वाहत गेल्या आणि पुलाच्या कमानीत अडकल्या, की पाणी फुगून बाजूच्या बाजारात शिरतं. त्याची पार्क केलेली गाडी दुसऱ्याच्या घरात पूर आणेल. शिवाय रात्री भोंगा वाजला की माणसं आधी गाडी काढायला खाली धावतात. गाड्या रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, गावाने मिळून एखादी जागा करावी.

चला_भटकू

शेवटचा चढ पायी असला तरी चालेल. ताई, त्या मुलाला माझ्याशी जोडून द्या, व्यनि करतो. वयस्कर मंडळी सोडून बाकी गट मी वर राहायला पाठवू शकतो, सामानासाठी गावातली दोन पोरं लागतील, त्यांचे पैसे पॅकेजमध्ये धरू. आणि पुढच्या मोसमापासून मी प्रत्येक हॉटेलला बुकिंगआधी दोन गोष्टी विचारणार आहे: इमारत नाल्याच्या तोंडाशी आहे का, आणि रात्री चढून जायला वर वाट आहे का. इथल्या जाणकारांनी अजून काय विचारावं ते सुचवा, मी यादी करून आमच्या व्यवसायातल्या इतरांनाही पाठवतो.

तिस्ताखोरे

रात्रपाळीला कोण जागं असतं ते विचारा. आणि त्याच्याकडे वरच्या गावातल्या कुणाचा तरी नंबर आहे का.